थेंब आणि काजळी

दिवाळीच्या संध्याकाळी ओळीने पणत्या लावाव्यात आणि घटकाभराने पाहावे, तो एखादी पणती काजळी धरून बसलेली असते. तेल तेच, कापूस तोच, वाराही सर्वांना सारखाच. पण त्या एकीची वात वाजवीपेक्षा पुढे सरकलेली असते. घरातले जाणते माणूस काडीने वात जरा मागे सारते आणि ज्योत स्वच्छ होते. तेवढ्यासाठी पणती कोणी फेकून देत नाही. आगबोटीच्या पोटात बसवलेल्या तीन मजली घराएवढ्या डीझेल एंजिनाची गोष्टही याच जातीची आहे, असे म्हटले तर वाचकांना अतिशयोक्ती वाटेल. परंतु त्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे तेलाचा थेंब केव्हा, किती आणि कसा द्यावा, याच प्रश्नाचा इतिहास आहे.

रुडॉल्फ डीझेल १८५८ साली पॅरिसमध्ये जन्मला. आईबाप मूळचे बव्हेरियाचे. म्यूनिचला शिकत असता प्राध्यापक लिंडे यांच्या व्याख्यानात त्याने ऐकले की, वाफेचे एंजिन कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते आणि बाकीची वाया घालवते. ही उधळपट्टी त्याच्या मनाला लागून राहिली. सिलिंडरातील हवा इतकी दाबावी की दाबानेच ती तापावी, मग तीत तेल सोडावे. तेल आपोआप पेटेल, ठिणगीची गरजच नाही, अशी त्याची कल्पना. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे प्रा. श्रोटर यांनी त्याच्या एंजिनाची परीक्षा घेतली, तेव्हा इंधनातील २६.२ टक्के उष्णता कामी लागल्याचे दिसून आले.

पण एक पेच उरलाच. दाबलेल्या हवेत तेल घुसवायचे कसे? तेल सरळ दाबून आत सोडावे असे डीझेलच्या मनात होते. तेवढा नेमका पंप मात्र त्या काळी घडवता येईना. अखेर अधिक दाबाच्या हवेच्या झोताने तेल आत फुंकण्याची युक्ती करावी लागली. तेलाचे तुषार छान होत. परंतु त्यासाठी एंजिनाला एक अवजड कॉम्प्रेसर जोडावा लागे, आणि निर्माण केलेल्या शक्तीचा काही वाटा तोच खाऊन टाकी. १९१२ साली कोपनहेगनच्या बुर्माइस्टर अँड वेन कारखान्यातून 'सेलांडिया' हे जहाज बँकॉकच्या वाटेला लागले. त्यात १,२५० अश्वशक्तीची दोन डीझेल एंजिने होती, आणि उंच धुराडे मुळीच नव्हते. लंडनला ते पाहायला चर्चिलसाहेब स्वतः गेले होते. त्या नवलाईच्या जहाजातही तेल हवेच्या झोतानेच फुंकले जाई.

हवेशिवाय, नुसत्या दाबाने तेल सोडण्याची वाट इंग्लंडमधील व्हिकर्स कारखान्यात मॅककेक्नी याने १९१० साली दाखवली होती. पुढे १९२७ मध्ये श्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यातून ट्रकांसाठी नेमके पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. हळूहळू जहाजांतूनही कॉम्प्रेसर गेला, आणि त्याच्या जागी कॅमशाफ्टचे राज्य आले. कॅमशाफ्ट म्हणजे एक लांब दांडा. त्यावर प्रत्येक सिलिंडरासाठी उंचवटा असतो. दांडा फिरला की उंचवटा पंपाच्या दट्ट्याला ढकलतो आणि तेल आत उडते. व्यवस्था मजबूत, पण मोठी हट्टी. पोलादात कोरलेली वेळ बदलणार कशी? जहाज पूर्ण वेगात असताना जी वेळ अचूक, ती संथ चालीत चुकते. दांडा सावकाश फिरला की तेलाचा दाबही घटतो, तुषारांचे जाड थेंब होतात, आणि जाड थेंब अर्धवट जळून काजळी होतात.

हा हट्ट मोडण्याचा एक संस्मरणीय प्रयोग नोव्हेंबर २००० मध्ये झाला, आणि तोही नव्या नव्हे, चालू जहाजावर. 'बो सेसिल' हे नॉर्वेच्या ओडफ्येल कंपनीचे रसायनवाहू जहाज १९९८ साली बांधलेले. त्याच्या सहा सिलिंडरांच्या एंजिनावर विजेच्या हुकमाने आणि तेलाच्या दाबाने चालणारी नवी यंत्रणा बसवण्यात आली. तेल केव्हा सोडायचे हे आता उंचवटा ठरवीना. संगणक ठरवू लागला. ही रचनाही कोपनहेगनचीच, 'सेलांडिया' घडवणाऱ्या घराण्याच्या वारसांची.

सर्वच जुन्या जहाजांना एवढा खर्च परवडत नाही. त्यांच्यासाठी साधी दुरुस्तीही आहे. तेल सोडणाऱ्या जुन्या तोटीच्या टोकाशी एक छोटी पोकळी असते. फवारा थांबल्यावर तिच्यात उरलेले तेल मागाहून ठिबकते आणि अर्धवट जळते. ती पोकळीच नाहीशी करणाऱ्या सरकत्या झडपेच्या तोट्या बसवल्या की ठिबकणे थांबते, काजळी कमी होते. २००८ नंतर तेल वाचवण्यासाठी जहाजे मुद्दाम सावकाश चालू लागली, तेव्हा या तोट्यांचे महत्त्व अधिकच पटले.

मात्र येथे एक दुहेरी अडचण आहे. आग जितकी तप्त, तितकी तेलाची बचत. पण तितकेच हवेतील नायट्रोजनाचे विषारी वायूही अधिक. फवारा उशिरा सोडला तर ते वायू घटतात आणि तेलाचा खप वाढतो. आंतरराष्ट्रीय नियमांनी संथ फिरणाऱ्या जहाजी एंजिनांना प्रथम किलोवॅट-तासामागे अशा वायूंची १७ ग्रॅमची मर्यादा घातली, आणि २०११ पासूनच्या जहाजांना ती १४.४ वर आणली. मालकाचा खिसा आणि बंदरकाठच्या माणसाची छाती, दोन्ही एकाच थेंबाच्या वेळेवर अवलंबून! डीझेलच्या धुराने कर्करोग होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१२ साली दिला. आपल्या चकल्या-करंज्या तळणारे पामतेलही मलेशिया-इंडोनेशियाहून टाक्यांच्या जहाजांतूनच येते, तेव्हा हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही.

स्वतः डीझेल १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जात असता बोटीवरून रात्रीतून नाहीसा झाला. पुढचे काही त्याने पाहिले नाही. आज मोठी जहाजी एंजिने इंधनातली जवळजवळ निम्मी उष्णता कामी लावतात. उधळपट्टीने अस्वस्थ होणाऱ्या त्या माणसाला एवढ्याने समाधान झाले नसते. त्याने उरलेल्या निम्म्याचा हिशेब विचारला असता.