सुटलेला माणूस जातो कुठं?



असदगडाजवळ, मोर्णेच्या काठी बसून इतिहास बोलायचा म्हटलं की लोकांना किल्ला आणि लढाया आठवतात. आज आम्ही तुरुंगाचा इतिहास घेऊन आलो आहोत. त्याला कारण आहे. मे २०२३ मध्ये याच जुन्या शहरात दंगल झाली, एक जीव गेला, संचारबंदी लागली. अनेकांना अटक झाली आणि त्यात तरुण पोट्टे होते. कोण दोषी, कोण निर्दोष, ते न्यायालय ठरवील. आमचा प्रश्न पुढचा आहे. आत गेलेलं पोरगं बाहेर आलं की जातं कुठं? आणि ते परत आत जाऊ नये म्हणून सरकारनं आजवर काय केलं?

सुरुवात इंग्रजांपासून करू. सुटलेल्या माणसाबद्दल त्यांचं धोरण संशयाचं होतं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमातींच्या नावाची नोंदवही केली. गुन्हा केलेला असो वा नसो, हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाची वसाहतच उभी राहिली. आता विचार करा, ज्याला रोज हजेरी द्यायची आहे त्याला कामावर ठेवणार कोण? काम नाही म्हणजे पोट नाही, आणि पोट नाही म्हणजे पुन्हा तोच रस्ता. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला. पण १९५६ मध्ये वऱ्हाड मुंबई राज्यात आलं आणि १९५९ मध्ये त्या राज्यानं सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. जमातीचा शिक्का कागदावरून पुसला, नोंदवही राहिली. आपल्याकडच्या पारधी बेड्यावरच्या माणसाला विचारा, तो शिक्का लोकांच्या मनातून अजून गेलेला नाही.

याच्या अगदी उलट प्रयोग आपल्याच महाराष्ट्रात झाला. औंध हे लहानसं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन, म्हणजेच स्वामी भारतानंद, यांनी १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. भिंत नाही, बेडी नाही. शिक्षा झालेली माणसं तिथं शेती करत होती, बायकापोरांसह राहत होती. पळून जायला रान मोकळं होतं. त्याच भागातले माणदेशी ग. दि. माडगूळकर यांनी या प्रयोगावरून कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. सिनेमा सगळ्यांना माहीत आहे, गाव फार थोड्यांना. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, ती वसाहत मात्र राज्याच्या कारागृह खात्याकडे आजही आहे.

यातली मुख्य गोष्ट भिंत नसणं ही नाही, असं आम्हाला वाटतं. मुख्य गोष्ट म्हणजे माणसाचं घर तुटलं नाही आणि हातचं काम सुटलं नाही. सुटकेच्या दिवशी त्याला शून्यापासून सुरुवात करायची नव्हती.

स्वातंत्र्यानंतर हा विचार थोडाथोडा सरकारी धोरणात आला. १९५८ च्या परिविक्षा कायद्यानं पहिल्या, लहान गुन्ह्यासाठी तुरुंगाऐवजी देखरेखीखाली घरी राहण्याची वाट दिली. १९८० ते ८३ या काळात न्यायमूर्ती मुल्ला समितीनं देशभरच्या तुरुंगांचा अभ्यास करून सुटकेनंतरच्या मदतीवर भर दिला. येरवडा, पैठण इथं खुली कारागृहं झाली. आपल्या अमरावती जिल्ह्यात मोर्शीलाही आहे. आज खात्याच्या नावातच ‘सुधारसेवा’ आहे. १ मे २०२२ ला येरवड्यात ‘जिव्हाळा’ नावाची कर्ज योजना सुरू झाली. महाराष्ट्र राज्य सहकारी बँक बंद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज ७ टक्के व्याजानं देते, आणि तो ते आतल्या मजुरीतून फेडतो. रक्कम मोठी नाही. पण आत बसलेला बाप लेकीच्या फीसाठी पैसे पाठवू शकतो, म्हणजे घरात त्याची जागा राहते. स्वतंत्रपूरचा धागा तो हाच.

मग अडचण कुठं आहे? अडचण अशी की ही बहुतेक व्यवस्था शिक्षा झालेल्यांसाठी आहे. मोठी शिक्षा झालेला माणूस बहुधा मध्यवर्ती कारागृहात जातो, आपल्याकडचा अमरावतीला. तिथं कारखाना, मजुरी, शाळा काहीतरी असतं. पण देशातल्या तुरुंगांत दर चौघांतले तीन जण कच्चे कैदी आहेत, म्हणजे खटला चालू असलेले. त्यांना कामाची सक्ती नसते, म्हणून मजुरीही नसते. सुटका कधी, हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून तयारीही होत नाही. जामीन मंजूर होतो, संध्याकाळी फाटक उघडतं आणि पोरगं पिशवी घेऊन रस्त्यावर उभं राहतं. जुन्या शहरातली पोरं बहुतेक याच रांगेतली.

बाहेर त्याची वाट कोण पाहत असतं? नशीब असेल तर माय. नाहीतर आत ओळख झालेला एखादा ‘भाऊ’, जो जेवू घालतो, झोपायला जागा देतो आणि महिन्याभरानं त्याची किंमत मागतो. सरकार पोचायच्या आधी तो पोचतो. दुसरा गुन्हा बऱ्याचदा इथंच शिजतो.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. दीडशे वर्षांत सरकारनं दोन वाटा चालून पाहिल्या, नोंदवहीची आणि विश्वासाची. पहिलीनं माणूस संशयात अडकून राहिला, दुसरीनं तो गावात परतला. विश्वासाची ती वाट आता कच्च्या कैद्यापर्यंत न्यायला हवी. त्यासाठी जिल्हा परिविक्षा अधिकाऱ्याची गाठ सुटकेनंतर नाही, आत असतानाच पडली पाहिजे. हे सरकारचं काम.

आणि आपलं? ज्याच्या हाती गॅरेज आहे, दुकान आहे, शेत आहे, त्यानं ‘हा आत जाऊन आलेला’ एवढ्यावरून नाही म्हणू नये. बाप्पा, फाटकाबाहेर तो एक दिवस उभा असतो. त्या दिवशी कोण आधी पोचतं, यावर पुढचं सारं ठरतं.