ब्रायटन बेल

ब्रायटन बेल ही इंग्लंडमधील लंडन (व्हिक्टोरिया स्थानक) आणि दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन या शहरांदरम्यान धावणारी आलिशान विद्युत रेल्वेगाडी होती. १ जानेवारी १९३३ रोजी ती 'सदर्न बेल' या नावाने सुरू झाली. २९ जून १९३४ रोजी तिला 'ब्रायटन बेल' हे नाव देण्यात आले आणि ३० एप्रिल १९७२ रोजी ती बंद झाली. स्वतंत्र इंजिनाशिवाय विजेवर चालणारी आणि केवळ पुलमन डब्यांची बनलेली ही जगातील एकमेव गाडी मानली जाते. ब्रिटनमधील जुन्या विद्युत गाड्यांविषयीच्या स्मरणरंजनात तिचे स्थान अग्रभागी आहे.

पार्श्वभूमी

लंडन ते ब्रायटन हे अंतर सुमारे ५१ मैल (८२ किलोमीटर) आहे. एकोणिसाव्या शतकापासून ब्रायटन हे लंडनवासीयांचे आवडते समुद्रकिनारी स्थळ होते. या मार्गावर पुलमन डबे, म्हणजे अधिक भाडे आकारून आरामखुर्च्या आणि बसल्या जागी खानपान पुरवणारे डबे, फार पूर्वीपासून वापरात होते. १८८१ मध्ये विजेच्या दिव्यांचा ब्रिटनमधील पहिला रेल्वेडबा याच मार्गावर धावला. तो 'बीट्रिस' नावाचा पुलमन डबा होता. १ नोव्हेंबर १९०८ रोजी लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वे या कंपनीने वाफेच्या इंजिनाने ओढली जाणारी 'सदर्न बेल' ही संपूर्ण पुलमन गाडी सुरू केली.

१९२३ मध्ये दक्षिण इंग्लंडमधील रेल्वे कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन सदर्न रेल्वे अस्तित्वात आली. या कंपनीने लंडनच्या उपनगरांतील विद्युतीकरण पुढे मुख्य मार्गांवर नेण्याचे धोरण स्वीकारले. ब्रायटन मार्गाचे विद्युतीकरण हा त्यातील पहिला मोठा टप्पा होता. त्यासाठी तिसऱ्या रुळाची पद्धत वापरण्यात आली. या पद्धतीत डोक्यावरील तारेऐवजी लोहमार्गालगत बसवलेल्या स्वतंत्र रुळातून वीज पुरवली जाते आणि गाडीच्या बाजूला असलेल्या धातूच्या पट्ट्या त्या रुळावर घासत जाऊन ती घेतात. येथील प्रवाह सुमारे ६६० व्होल्टचा एकदिश प्रवाह होता.

रचना

गाडीचे सर्व १५ डबे १९३२ मध्ये मेट्रोपॉलिटन कॅमेल या कंपनीने बांधले. त्यांपासून प्रत्येकी पाच डब्यांचे तीन संच तयार करण्यात आले. मुंबईच्या लोकलप्रमाणेच या संचांना वेगळे इंजिन नव्हते. दोन्ही टोकांच्या डब्यांतच मोटरी आणि चालककक्ष होते, त्यामुळे शेवटच्या स्थानकावर इंजिन फिरवून लावण्याची गरज राहिली नाही. सदर्न रेल्वेच्या पद्धतीनुसार या संचांना '५-बेल' असे संकेतनाम होते. गर्दीच्या वेळी दोन संच जोडून दहा डब्यांची गाडी सोडली जाई आणि तिसरा संच देखभालीसाठी व राखीव म्हणून ठेवला जाई.

प्रत्येक संचात पहिल्या वर्गाचे दोन आणि तिसऱ्या वर्गाचे तीन डबे होते. पहिल्या वर्गाच्या ४० आणि तिसऱ्या वर्गाच्या १५२ प्रवाशांची सोय त्यात होई. पहिल्या वर्गाच्या प्रत्येक डब्यात स्वयंपाकघर होते. पुलमन कंपनीच्या प्रथेप्रमाणे या डब्यांना स्त्रियांची नावे देण्यात आली : हेझल, डोरिस, ऑड्री, व्हेरा, ग्वेन आणि मोना. तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना मात्र नावे नव्हती, केवळ ८५ ते ९३ हे क्रमांक होते. बाहेरून डबे तपकिरी आणि फिकट पिवळसर रंगाचे होते. आतील भिंतींवर विविध लाकडांच्या पातळ पापुद्र्यांचे जडावकाम होते आणि प्रत्येक मेजावर छोटा दिवा असे. ही सजावट १९३० च्या दशकातील आर्ट डेको शैलीचा नमुना मानली जाते.

मार्ग आणि प्रवास

गाडी वाटेत कोठेही न थांबता हे अंतर ६० मिनिटांत पार करी. व्हिक्टोरिया सोडल्यावर लगेच थेम्स नदीवरील पूल लागे. पुढे क्लॅपहॅम जंक्शन आणि पूर्व क्रॉयडन ही स्थानके, त्यानंतर बाल्कम बोगदा, ३७ कमानींचा ऊझ खोऱ्यातील पूल आणि साउथ डाउन्स टेकड्यांखालील क्लेटन बोगदा ओलांडून गाडी ब्रायटनला पोहोचे.

तासाभराच्या या प्रवासात पांढऱ्या कोटातील सेवक प्रवाशांना बसल्या जागी चहा, न्याहारी किंवा जेवण आणून देत. नेहमीचे प्रवासी आणि सेवक एकमेकांना ओळखत असत. ब्रायटनमध्ये अनेक नाट्यकलावंत राहत. लंडनमधील प्रयोग संपल्यावर रात्री उशिराच्या फेरीने ते घरी परतत. अभिनेते लॉरेन्स ऑलिव्हिए हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध होत. मीठ लावून धुरी दिलेला हेरिंग मासा, म्हणजे किपर, न्याहारीच्या यादीतून वगळण्यात आल्यावर त्यांनी जाहीर निषेध केला आणि हा पदार्थ पुन्हा सुरू करण्यात आला. ब्रायटन बेलविषयी सर्वाधिक सांगितला जाणारा प्रसंग हाच आहे.

तथापि, प्रवास नेहमीच सुखकर नव्हता. वेग वाढल्यावर डबे जोराने हादरत. विशेषतः मोटरी बसवलेल्या टोकांच्या डब्यांत हा त्रास अधिक जाणवे आणि कपातील चहा हिंदकळून बशीत सांडे. हे टोकांचे डबे तिसऱ्या वर्गाचे होते. त्यामुळे एकाच गाडीच्या आठवणी प्रवाशाच्या वर्गानुसार वेगळ्या असणे स्वाभाविक होते.

दुसरे महायुद्ध आणि नंतरचा काळ

महायुद्धाच्या काळात ही सेवा खंडित झाली. ऑक्टोबर १९४० मध्ये व्हिक्टोरिया स्थानकावरील बॉम्बहल्ल्यात एका संचाची हानी झाली. युद्धानंतर सेवा टप्प्याटप्प्याने पूर्ववत करण्यात आली. १ जानेवारी १९४८ रोजी ब्रिटनमधील रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गाडी ब्रिटिश रेल्वेच्या अखत्यारीत आली. १९५६ मध्ये देशभरातील तिसऱ्या वर्गाचे नामकरण दुसरा वर्ग असे झाले.

बीबीसीने 'लंडन टू ब्रायटन इन फोर मिनिट्स' हा लघुपट याच गाडीच्या चालककक्षातून चित्रित केला. तासाभराचा प्रवास चार मिनिटांत दाखवणारा हा लघुपट १९५० च्या दशकात दोन कार्यक्रमांमधील मोकळ्या वेळेत दूरचित्रवाणीवर वारंवार दाखवला जाई. त्यामुळे या गाडीत कधीही न बसलेल्या प्रेक्षकांनाही हा मार्ग परिचित झाला.

समाप्ती

१९६० च्या दशकाच्या अखेरीस डब्यांना ब्रिटिश रेल्वेचा सर्वसाधारण निळा व करडा रंग देण्यात आला. पहिल्या वर्गाच्या डब्यांवरील नावे पुसून सर्व डब्यांवर केवळ गाडीचे नाव लिहिले गेले. गाडीचे स्वतंत्र व्यक्तिमत्त्व येथेच संपले, असे अनेक रेल्वेप्रेमी मानतात. डबे चाळीस वर्षांचे झाले होते, देखभालीचा खर्च वाढला होता आणि त्याच मार्गावरील नव्या साध्या गाड्यांनाही जवळपास तेवढाच वेळ लागत होता. या कारणांमुळे नवे डबे न बांधता सेवा बंद करण्याचा निर्णय झाला. ब्रायटनमधील नागरिक आणि कलावंतांनी विरोध केला, परंतु निर्णय बदलला नाही.

जतन आणि पुनरुज्जीवन

सेवा बंद झाल्यावर डब्यांची विक्री झाली. काही डबे मद्यगृहांच्या आवारात उभे करून उपाहारगृह म्हणून वापरले गेले. हेझल हा डबा उत्तर यॉर्कशरमधील मोल्टन येथे अशाच प्रकारे अनेक वर्षे होता. ऑड्री, व्हेरा आणि ग्वेन हे डबे १९८२ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश पुलमन या पर्यटक गाडीच्या ताफ्यात दाखल झाले. ते आज धावतात, परंतु स्वतःच्या मोटरींवर नव्हे, तर इंजिनाने ओढले जाऊन.

एक संपूर्ण संच पुन्हा विजेवर, मूळ मार्गावर चालवण्याच्या उद्देशाने '५-बेल ट्रस्ट' ही संस्था स्थापन झाली. विखुरलेले डबे मिळवून त्यांची दुरुस्ती करण्याचे काम तिने हाती घेतले आणि त्यातील बरेच काम डर्बीशरमधील बॅरो हिल येथे झाले. वाफेचे इंजिन खासगी वारसा मार्गावर चालवता येते. तिसऱ्या रुळावरील गाडीला मात्र मुख्य लोहमार्गाचीच वीज लागते आणि तेथे सुरक्षेचे आजचे नियम पाळावे लागतात. मूळ बोगी ठेवल्या तर जुने हादरेही राहतात आणि बदलल्या तर गाडीचा मूळ यांत्रिक भाग नाहीसा होतो. पुलमनची सजावट जपणे तुलनेने सोपे आहे. ब्रायटन बेलचे वेगळेपण मात्र ती स्वतःच्या बळावर विजेने धावत असे यात होते, आणि जतनकार्यात तेच टिकवणे सर्वांत कठीण ठरले आहे.