तालमीच्या गावचा फुटबॉलपटू

आमच्या निमगाव केतकीकडे ‘तालीम’ म्हटले की लाल माती, लंगोट आणि कुस्ती आठवते. कोल्हापुरात मात्र पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही फुटबॉल संघांची नावे आहेत. मोठा सामना असला की सगळ्या पेठा शाहू स्टेडियमवर लोटतात.

याच कोल्हापुरात २००० साली अनिकेत जाधव जन्मला. वडील रिक्षा चालवत. अशा घरात खेळाचे बूटसुद्धा हिशेब करूनच घ्यावे लागतात. पेठेतला खेळाडू गल्लीत राजा असतो, पण त्या कौतुकावर संसार चालत नाही. अनिकेतची निवड पुण्याला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. तिथे राहणे, जेवण, शाळा आणि प्रशिक्षण यांचा भार शासन उचलते. रिक्षाच्या मिळकतीला जे झेपले नसते, ते तिथे मिळाले.

ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. दिल्लीत अमेरिका, कोलंबिया आणि घाना यांच्याकडून आपण हरलो. पण भारताच्या आघाडीच्या फळीत कोल्हापूरचा हा पोरगा होता. पुढे तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये जमशेदपूर, हैदराबाद या संघांकडून खेळला. २०२२ मध्ये हैदराबादने इंडियन सुपर लीग जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता. त्याच वर्षी तो भारताच्या मुख्य संघातूनही खेळला.

श्रोतेहो, चपळ पायांची पोरे आपल्याही गावात आहेत. त्यांच्या बाराव्या-तेराव्या वर्षी दोन वेळचे चांगले जेवण आणि जाणता प्रशिक्षक त्यांना कोण देणार, एवढाच प्रश्न आहे.