एक खातं, अनेक नावं : सामाईक होस्टिंगचा इतिहास

आजचा विषय ऐकायला तांत्रिक वाटेल, पण मुळात तो नावांचा आणि पत्त्यांचा इतिहास आहे. एकाच होस्टिंग खात्यात आज पाच-दहा वेबसाइट ठेवता येतात. प्रत्येकीचं डोमेन वेगळं असतं आणि बघणाऱ्याला त्या शेजारी-शेजारी आहेत हे कळतही नाही. ही सोय आली कशी, आणि तिच्याबरोबर कोणती जोखीम आली, एवढे दोनच प्रश्न आज घेऊ.

पणदऱ्यात हे सांगणं सोपं आहे, कारण आपण कालव्याची माणसं. नीरा डावा कालवा एकच. त्याचे फाटे, फाट्यांच्या चाऱ्या, आणि चाऱ्यांवर असंख्य शेतं. पाटकऱ्याला कळावं लागतं की आत्ता पाळी कुणाची आणि गट नंबर कोणता. म्हणून तर आपण सात नंबरचा अर्ज भरतो. अर्जावर नाव आणि गटच नसेल, तर पाणी कुणाच्या शेतात सोडायचं? १९९० च्या दशकात वेबपुढे अगदी हाच प्रश्न उभा राहिला होता.

थोडं मागे जाऊ. १ जानेवारी १९८३ ला अर्पानेट या अमेरिकी जाळ्यानं आजची आयपी पद्धत स्वीकारली. प्रत्येक संगणकाला ३२ बिटांचा आकडी पत्ता मिळाला. असे पत्ते होतात सुमारे ४२९ कोटी. जाळ्यावर तेव्हा संगणक होते काही शेकडे, त्यामुळे हा साठा कधी संपेल असं कुणाला वाटलं नाही. त्याच वर्षी पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांच्या पद्धतीचा आराखडा मांडला. त्याआधी सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलीत असत आणि ज्याला हवी त्यानं ती उतरवून घ्यायची. नव्या पद्धतीत नाव आणि पत्ता सुटे झाले. एका पत्त्याकडे अनेक नावं वळवता येऊ लागली. आपल्या विषयाचं बीज इथे आहे.

मग आला वेब. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत तो उभा केला आणि १९९१ मध्ये तो बाहेरच्या जगाला मिळाला. त्याची सुरुवातीची बोलाचाल फार त्रोटक होती. ब्राउझर नावावरून पत्ता शोधायचा, त्या पत्त्यावर जायचा आणि म्हणायचा, ‘अमुक पान दे.’ कुठल्या साइटचं पान, हे तो सांगतच नसे. एका यंत्रावर एकच साइट असेल तर काही बिघडत नव्हतं. दोन ठेवल्या की सर्व्हरची अवस्था गट नंबर नसलेला अर्ज हातात आलेल्या पाटकऱ्यासारखी. उपाय एकच होता : यंत्र एक असलं तरी प्रत्येक डोमेनला स्वतंत्र आयपी पत्ता. तो महाग होता, आणि पत्ते मोजकेच होते.

तोडगा निघाला तो एका ओळीचा. मागणी करताना ब्राउझरनं साइटचं नावही सांगायचं. या ओळीला ‘होस्ट हेडर’ म्हणतात. काही ब्राउझर ती आधीपासून पाठवू लागले होते. जानेवारी १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ हे प्रमाण प्रसिद्ध झालं आणि ती सक्तीची झाली. ओळ नसेल तर सर्व्हरनं मागणी नाकारायची. आता एका पत्त्यावर शेकडो डोमेन नांदू शकत होती. प्रत्येक डोमेनला एक फोल्डर नेमून द्यायचं, आलेलं नाव बघायचं, त्या फोल्डरमधलं पान द्यायचं. सीपॅनेलसारख्या साधनांनी हे काम चार बटणांवर आणलं. ‘अॅडऑन डोमेन’ म्हणतात ते हेच.

आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं? १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी मायबोली सुरू केली. डॉट इन हे नाव मात्र २००५ पर्यंत सहजासहजी मिळत नसे. त्या वर्षी नियम सैल झाले. २०१४ मध्ये देवनागरीतलं डॉट भारत आलं. नावं स्वस्त झाली, जागा वाटून घेता येऊ लागली, आणि शाळा, पतसंस्था, दुकानदार यांना वेबसाइट परवडू लागली.

एक गाठ मात्र शिल्लक होती. सुरक्षित जोडणीत, म्हणजे एचटीटीपीएसमध्ये, साइटचं नाव सांगण्याआधीच पाकीट बंद होतं. मग सर्व्हरनं ओळखपत्र दाखवायचं कुठल्या साइटचं? २००३ मध्ये यावर ‘एसएनआय’ ही जोड आली : नाव पाकिटावर, बाहेरच लिहायचं. पण विंडोज एक्सपीवरचं इंटरनेट एक्सप्लोरर ते लिहीत नसे, त्यामुळे वर्षानुवर्षं तिचा वापर अडला. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा आधार संपला, डिसेंबर २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्टची फुकट प्रमाणपत्रं सर्वांना खुली झाली, तेव्हा कुठे सामाईक जागेतली छोटी साइटही सुरक्षित होऊ शकली.

सरकारनंही एकत्र राहण्याचा हा मार्ग धरला. पुणे, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांच्या वेबसाइट राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘एसथ्रीवास’ या एकाच चौकटीवर चालतात. डोमेन ज्याचं त्याचं, पाया सामाईक.

आता जोखीम. समजा, गावातल्या एका हुशार पोरानं स्वतःच्या नावावर एक खातं घेतलं आणि त्यात विकास सोसायटी, शाळा, देवस्थान आणि मामाचं खताचं दुकान अशा चार साइट बसवल्या. पैसे वाचले, हे खरं. पण एका खात्यातल्या साइट बहुधा एकाच वापरकर्त्याच्या हक्कानं चालतात. दुकानाच्या साइटवर जुनं, न सुधारलेलं सॉफ्टवेअर राहिलं आणि तिथून कुणी आत शिरला, तर तो भिंत न ओलांडता शाळेच्या फोल्डरमध्ये पोचतो. दुसरं, पोरगं नोकरीला परगावी गेलं, नूतनीकरण राहिलं, की चारही साइट एकाच दिवशी बंद. होस्टिंग पुन्हा घेता येतं. डोमेनची मुदत आणि नंतरची सवलत उलटली, तर ते नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो, आणि मग सोसायटीच्या नावानं भलताच माणूस बोलू लागतो.

म्हणून इतिहासानं जे दोन भाग सुटे केले, ते आपणही सुटे ठेवावेत. होस्टिंग म्हणजे पाणी. ते वाटून घ्यायला हरकत नाही. डोमेन म्हणजे सातबारा. तो ज्याच्या त्याच्या नावावरच हवा. शाळेचं डोमेन शाळेच्या नावावर आणि शाळेच्या ईमेलवर नोंदवा. पासवर्ड दोन पदाधिकाऱ्यांकडे ठेवा. सगळ्या साइटची प्रत महिन्यातून एकदा खात्याबाहेर उतरवून घ्या. जिथे लोकांच्या पैशांची किंवा मुलांची माहिती आहे, त्या साइटला वेगळं खातं घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. घरी गेल्यावर एवढं बघा : तुमच्या संस्थेचं डोमेन आज कुणाच्या नावावर आहे, आणि त्याची मुदत कधी संपते?