बोलण्यावर चालणारा दिवस

रेडिओच्या आठवणी निघाल्या की माणसे थेट गाण्यांवर जातात. बिनाका, अमीन सयानी, बुधवारची रात्र. ती ओढ मलाही कळते. पण दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावाचा दिवस चालायचा तो रेडिओवरच्या बोलण्यावर. वऱ्हाडातल्या रेडिओचा इतिहास लिहायचा तर आधी या बोलण्याचा लिहावा, असे मला मनापासून वाटते.

हे बोलणे आम्हाला नागपूरने दिले. १६ जुलै १९४८ रोजी तिथले केंद्र सुरू झाले, तेव्हा नागपूर मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि केंद्र मराठी आणि हिंदी दोन्ही बोलायचे. १९५६ च्या सुरुवातीला पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून शेतीचे कार्यक्रम ऐकायचे, त्यावर चर्चा करायची आणि शंका केंद्राला कळवायच्या. वऱ्हाड त्यात असणे शक्यच नव्हते, कारण १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आम्ही मध्य प्रदेशात होतो. तरी एकत्र बसून ऐकायला आमच्या लोकांना कुणी शिकवावे लागले नाही. ग्रामपंचायतीच्या रेडिओपुढे संध्याकाळी माणसे आपसूक जमत.

मी शाळकरी होते तो काळ सत्तरच्या दशकाचा. सकाळी संकेतधून, मग वंदे मातरम्, आणि पहिली सभा सुरू. साडेआठला दिल्लीच्या मराठी बातम्या लागल्या की आई म्हणायची, 'चाल वं, शाळेची येळ झाली.' घरात घड्याळ होते, पण भरवसा बातम्यांवर. २६ जून १९७५ च्या सकाळी इंदिरा गांधींनी आणीबाणीची घोषणा केली तीही याच खोक्यातून. पेरणीचे दिवस होते. बाबांनी तिफण तशीच ठेवली आणि दुपारच्या बातम्यांपर्यंत ते शेतात गेले नाहीत.

दुपारची सभा बायांची. लसीकरण, लहान मुलांचा आहार, एखादी श्रुतिका. ज्वारी निवडता निवडता ऐकलेले आमच्या काकू संध्याकाळी विहिरीवर दुसऱ्यांना सांगत, आणि त्या ओळखीच्या तोंडून ऐकलेले बायांना अधिक पटे. त्या श्रोत्यांची नोंद कुठे झाली असेल असे मला वाटत नाही. रेडिओचा परवाना घरच्या पुरुषाच्या नावे असे, त्याची फी पोस्टात भरावी लागे, आणि घरात ऐकणारे किती हे त्या पुस्तिकेत मावत नसे.

खरी गर्दी संध्याकाळच्या शेतकऱ्यांच्या कार्यक्रमाला. १९६९ मध्ये अकोल्याला कृषी विद्यापीठ झाले. तिथले शास्त्रज्ञ रेडिओवर बोलू लागले आणि संकरित ज्वारी, कपाशीवरची बोंडअळी, फवारणीचे प्रमाण हे विषय पारावर आले. शास्त्रज्ञांची भाषा पुस्तकी, पण संवादातली माणसे वऱ्हाडी बोलत. आपली बोली सरकारी खोक्यातून ऐकली की म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर जे यायचे, ते मी पाहिले आहे. शाळेत आम्हाला 'काहून' म्हटल्यावर दटावले जाई. इथे नागपूरचा माणूसच 'काहून' म्हणत होता.

१९७२ मध्ये कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि या ऐकण्याला वेगळीच धार आली. कापूस आता सरकारने नेमलेल्या महासंघालाच द्यायचा, त्यामुळे भाव बाजारात ठरत नसे, तो जाहीर होई. संकलन केंद्रे कधी उघडणार, कोणत्या प्रतीला काय भाव, हे रेडिओ सांगे. उशिरा आलेला माणूस दारातूनच विचारी, 'आबाजी, भाव काय सांगतला जी?' रेडिओजवळ बसलेले आबाजी हात वर करून गप्प बसवत, कारण पुढचे वाक्य हवामानाचे असे.

अंधार पडला की नागपूर पातळ व्हायचे. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा जमिनीलगत चालतात, रात्री आकाशातल्या थरावर आपटून दूर उतरतात, त्यामुळे एकाच जागी दोन-तीन केंद्रे एकमेकांत शिरत. खारपाणपट्ट्यातला हरभरा रोही आणि रानडुकरांपासून राखायला जागलीवर गेलेल्या भावाला ट्रान्झिस्टर सारखा फिरवावा लागे.

१८ मे १९८८ ला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. १५६६ किलोहर्ट्झ, आणि त्यासाठी नागपूरला १००० किलोवॅटचे प्रक्षेपण यंत्र. देशभर ऐकू जावे म्हणून मधोमधचे नागपूर निवडले, त्याचा लाभ आमच्या मचाणांना सर्वात आधी. रात्रभर हिंदी, इंग्रजी, उर्दू बोलणे. भाऊ सकाळी घरी येऊन उर्दू मुलाखतीतले किस्से सांगायचा. चौथीनंतर शाळा सुटलेला माणूस अन् हे त्याचे शिक्षण होते, असे मी जबाबदारीने म्हणते. ही वाहिनी २०१८-१९ च्या हिवाळ्यात बंद झाली.

आज अकोल्याच्या आकाशवाणीचे स्वतःचे एफएम आहे, १०२.४ वर, आणि आवाज काचेसारखा स्वच्छ येतो. पण नागपूरच्या ग्रामीण विभागात तेव्हा लिहिणारी, बोलणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. अमरावती विद्यापीठाच्या मराठी विभागाने यंदाच त्यांच्याकडे जावे, त्यांना बोलते करावे आणि ते ध्वनिमुद्रित करावे. सोबत वऱ्हाडातल्या चार-पाच जुन्या श्रोत्यांनाही बसवावे. कार्यक्रम अर्धा त्यांचाही होता.