शंभर रुपयांचं उत्तर किती? कर्जरोखा, दामदुपट आणि १८७५ चं दख्खन

आज सुरुवातीलाच एक गणित घालतो. ज्यांच्याकडे कागद-पेन असेल त्यांनी लिहून घ्या, कारण तासभर आपण याच एका गणिताभोवती फिरणार आहोत.

एका शेतकऱ्यानं सावकाराकडून १०० रुपये घेतले. व्याज दरमहा शेकडा दोन रुपये. बारा वर्षांत त्याच्याकडून एक पैसाही फेडला गेला नाही. बारा वर्षांनी देणं किती?

वित्तशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलीच गणितं असतात. विद्यार्थी लगेच विचारतो, "सर, सरळव्याज की चक्रवाढ?" प्रश्न बरोबर आहे. पण आपल्याकडे पुणे आणि नगर जिल्ह्यांत एक काळ असा होता, की या प्रश्नाचं उत्तर शेतकऱ्याला माहीत नव्हतं, आणि कायद्यानं दिलेलं उत्तर कागदावर गुपचूप बदलत होतं. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी थोडं मागे जाऊ. व्याजाची सरावगणितं आपल्याकडे फार जुनी. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. त्यात पंचराशिकाचं एक उदाहरण आहे: शंभराला महिन्याला पाच व्याज, तर सोळांना वर्षाचं व्याज किती? उत्तर नऊ पूर्णांक तीन पंचमांश. आता हा दर बघा. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के! हा आकडा हवेतून आलेला नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात महिन्याला शेकडा सव्वा हा धर्म्य दर सांगितला आहे, तर पाच हा व्यापारी व्यवहाराचा. रानावनातून माल नेणाऱ्यांना दहा, समुद्रावरून नेणाऱ्यांना वीस. जोखीम वाढली की दर वाढतो, हा धडा आपण आजही पहिल्या सत्रात शिकवतो.

या परंपरेचा एक धागा आपल्या खानदेशात सापडतो. चाळीसगावजवळच्या पाटणे गावी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याच्या दानाचा शिलालेख तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे, आणि त्याचा काही भाग मराठीत आहे. तिथल्या बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारं उत्पन्न मठाला दिल्याचं त्यात नोंदलं आहे. म्हणजे गणिताच्या शिकवणीचा खर्च बाजारातून चालायचा. मला हे फार आवडतं.

पण जुन्या परंपरेत दराइतकाच महत्त्वाचा आणखी एक नियम होता. तो स्मृतींमध्ये आहे आणि आपल्या बोलण्यातही आहे: दामदुपट. एका वेळी वसूल करायचं थकलेलं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू नये. शंभर दिले असतील तर एका वेळी फार तर दोनशे मागा. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी कोर्टांनीही हा नियम हिंदू कायद्याचा भाग म्हणून मानला.

आता आपल्या गणिताची दोन उत्तरं काढू. सरळव्याजानं वर्षाला २४, बारा वर्षांचे २८८, मुद्दल धरून ३८८ रुपये. हे पहिलं उत्तर. दामदुपट लावली तर २००. हे दुसरं. तिसरं उत्तर यायला १८५९ साल उजाडावं लागलं.

त्याच्या आधी १८५५ मध्ये सरकारनं व्याजदरावरची कायद्याची मर्यादा उठवली होती. दर काय ठरवायचा ते देणाऱ्या-घेणाऱ्यानं बघावं. १८५९ मध्ये मुदतीचा कायदा आला. साध्या कर्जरोख्यावर दावा लावायचा तर तीन वर्षांच्या आत लावा, नंतर तो रोखा कोर्टात चालणार नाही. हेतू चांगला होता. वर्षानुवर्षं व्याज साठू नये, जुनी खतं उकरून काढली जाऊ नयेत.

झालं काय? तीन वर्षं भरत आली की सावकार म्हणायचा, नवं खत लिहून दे, नाहीतर दावा लावतो. नवं खत किती रुपयांचं? शंभराचं नाही. शंभर मुद्दल अधिक बहात्तर व्याज, म्हणजे १७२ रुपयांचं. जुनं व्याज नव्या कागदावर मुद्दल होऊन बसलं. पुढची तीन वर्षं व्याज १७२ वर. सहाव्या वर्षी २९६ च्या आसपास, नवव्या वर्षी ५०९ च्या आसपास, आणि बारा वर्षं संपताना ८७५ रुपये तीन आणे.

हे तिसरं उत्तर. तोच माणूस, तेच शंभर रुपये, तोच दर. २००, ३८८ आणि ८७५.

आता यातली खरी गोम बघा. ती मला स्वतःला फार उशिरा लक्षात आली, फळ्यावर हेच गणित सोडवताना. महिन्याला शेकडा दोन या दरानं शंभराचे दोनशे व्हायला पन्नास महिने लागतात. रोख्याची मुदत छत्तीस महिन्यांची. म्हणजे प्रत्येक खत दुपटीला पोचायच्या आतच बदललं जायचं! दामदुपटीचा नियम कोणी मोडला नाही. तो लागू व्हायची वेळच आली नाही. प्रत्येक कागद कायद्यात बसत होता, आणि सगळे कागद एकावर एक ठेवले की शेतकऱ्याची जमीन जात होती. पुढे चौकशी आयोगासमोर आलेल्या एका प्रकरणात तर शंभराच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज लावलेलं आढळलं.

इथपर्यंत एका माणसाचं गणित झालं. पण सगळे एकदमच का बुडाले? त्यासाठी समग्रलक्ष्यी अर्थशास्त्राकडे, म्हणजे मॅक्रोकडे यावं लागतं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणारा तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून यायचा. १८६१ मध्ये वीस लाखांवर गाठी आल्या होत्या, १८६२ मध्ये आल्या ५५ हजार. सगळ्यांचे डोळे हिंदुस्थानकडे वळले. मुंबईच्या निर्यातदारांनी पैसा सोडला, तो तालुक्याच्या सावकारांकडून गावात उतरला. कापसाच्या एकराला शंभर-शंभर रुपये उचल मिळू लागली. मागून मिळत नव्हतं ते कर्ज आपण होऊन दारात आलं.

१८६५ मध्ये युद्ध संपलं. भाव कोसळले. त्याच वर्षी मुंबईतला शेअरचा फुगाही फुटला. वरून पैसा यायचा थांबला, म्हणून सावकारानं नवी उचल बंद करून जुनी वसुली सुरू केली. आणि १८६७ पासून तीस वर्षांची जुनी जमाबंदी संपून नवी आकारणी येऊ लागली. सारा वाढला, आणि तो रोखीतच भरायचा.

इथे दुसरं गणित करू, आकडे फक्त समजण्यापुरते. समजा, कर्ज घेतलं तेव्हा शंभर रुपये म्हणजे दहा मण कापूस. तीन वर्षांनी देणं १७२. भाव तोच राहिला तर सतरा मणांच्या थोडं वर कापूस घालून सुटका. भाव निम्मा झाला तर? चौतीस मण! खतावरचा आकडा तोच आहे, पण शेतातलं देणं दुप्पट झालं. भाव पडले की कर्जाचं खरं ओझं वाढतं, हे अर्विंग फिशरनं १९३३ मध्ये महामंदीबद्दल लिहिताना सिद्धान्त म्हणून मांडलं. सुप्याच्या शेतकऱ्याला ते साठ वर्षं आधी कळलं होतं. त्याच्याकडे फक्त समीकरण नव्हतं.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, आजच्या बारामती तालुक्यातलं. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर गेले. त्यांनी मागितलं काय? वह्या आणि खतं. मिळाली ती जाळली. धान्याची दुकानं लुटली गेली, काही ठिकाणी घरांना आगी लावल्या गेल्या, हेही सांगितलं पाहिजे. पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून जास्त गावांत हे लोण पोचलं. पण मुख्य रोख कागदावर होता. अन्याय कागदात आहे, हे त्यांना नेमकं समजलं होतं.

सरकारनं आयोग नेमला. आयोगाच्या अहवालात दोष सावकारावर गेला, वाढलेल्या सारामागणीवर नाही. म्हणजे पहिलं गणित तपासलं गेलं, दुसरं बाजूला राहिलं. परीक्षक स्वतःच प्रश्नातला एक पक्ष असला की असं होतं.

तरीही १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा वाचण्यासारखा आहे. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो आला. त्यानं न्यायाधीशाला सांगितलं: समोरच्या खतावर थांबू नका, व्यवहाराच्या मुळापर्यंत जा. मुद्दल वेगळं मांडा, व्याज वेगळं मांडा, आणि मधल्या काळात मुद्दलात घातलेलं व्याज मुद्दल धरू नका. दर अवाजवी वाटला तर कमी करा. थोडक्यात, कोर्टानं आपलंच गणित पुन्हा पहिल्या ओळीपासून सोडवायचं. सावकारांनी त्यावरही वाट काढली. गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतं लिहून घ्यायला लागले. विक्रीच दाखवली तर मुद्दल कुठलं आणि व्याज कुठलं?

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो: सूत्र पाठ करा, ते लागतंच. पण गणितात "मुद्दल १७२ रुपये" असं छापलेलं दिसलं, तर आकडेमोडीला बसण्याआधी एक विचारा. हे १७२ आले कुठून? यात हातात पडलेले किती, आणि मागच्या कागदावरून आलेले किती? घरी कर्जाचं नूतनीकरण असेल, सोन्यावरचं कर्ज पुढे ढकलायचं असेल, तरी हाच प्रश्न विचारा. सुप्याच्या लोकांना तो विचारायला कोणी शिकवलं नव्हतं, आणि विचारला तेव्हा हातात पेटती काडी होती. आपल्या हातात पेन्सिल आहे, तेवढ्यानंही पुष्कळ होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.