धाव, आस आणि लांबी : कळंब्याच्या रस्त्यावरील अवजड वाहतुकीच्या नियमांचा इतिहास

कोल्हापूर शहराच्या दक्षिण सीमेला लागून असलेले कळंबा हे गाव बाहेरच्या माणसाला दोन गोष्टींमुळे ठाऊक असते. एक म्हणजे संस्थानकाळापासून शहराला पाणी पुरवणारा कळंबा तलाव, आणि दुसरी म्हणजे मध्यवर्ती कारागृह. मालवाहतुकीच्या इतिहासात मात्र या गावाचे महत्त्व त्याच्या रस्त्यामुळे आहे. शहरातून निघून कळंब्यावरून भुदरगड तालुक्याच्या मुख्य ठिकाणी, म्हणजे गारगोटीला, जाणारा हा मार्ग राष्ट्रीय महामार्गाच्या मानाने दुय्यम असला, तरी हंगामात त्याच्यावर पडणारे ओझे दुय्यम नसते. अशा प्रादेशिक रस्त्यांवरून लांब आणि अवजड वाहने कशी चालवावीत याचे नियम गेल्या दीडशे वर्षांत वारंवार बदलले, आणि त्या बदलांकडे बारकाईने पाहिले तर प्रत्येक काळातील शासनाने गाडीचा एकेक वेगळा भाग मोजायला घेतला असे दिसते : कधी चाक, कधी परवाना, कधी आस, कधी एकूण लांबी. जो भाग मोजला गेला, त्यावरून शासनाला त्या काळी कशाची काळजी होती हे कळते. आणि गाडी हाकणाऱ्या माणसाची काळजी या यादीत फार उशिरा आली, हेही कळते.

बैलगाडीच्या काळात ही काळजी रस्त्याच्या पृष्ठभागाची होती. सह्याद्रीच्या घाटवाटांनी कोकणात उतरणारा माल आरंभी लमाणांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवरून जाई, आणि फोंडा, आंबा यांसारखे घाट गाडीरस्त्याच्या योग्यतेचे झाल्यावर त्याची जागा हळूहळू गाड्यांनी घेतली. १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर लोहमार्ग सुरू झाला आणि १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसवली, तेव्हा आसपासच्या गावांतील गूळ या पेठेकडे वाहू लागला. गुळाच्या ढेपांनी भरलेल्या बैलगाडीचे सारे वजन दोन चाकांवर आणि त्या चाकांवर बसवलेल्या अरुंद लोखंडी पट्टीवर येई. या पट्टीला ‘धाव’ म्हणतात. लोहार ती तापवून लाकडी पाळीवर चढवी आणि लगेच पाणी ओतून आवळून घेई, त्यामुळे चाक टिकाऊ होई. पण मुरमाच्या किंवा खडीच्या रस्त्यावर हीच धाव सुरीसारखी उतरे आणि एका गाडीच्या चाकोरीतून दुसरी गाडी गेल्याने चाकोऱ्यांचे चर होत. रस्ते आणि पूल यांवर पथकर बसवण्यासाठी मुंबई इलाख्यात १८७५ चा कायदा झाला, त्यामागील विचार साधा होता : जो रस्ता झिजवतो त्याने दुरुस्तीचा भार उचलावा. वाहन कोणते आणि त्याला किती जनावरे जुंपली आहेत हे नाक्यावर उभ्या माणसाला नुसत्या नजरेने मोजता येई. मालाचे वजन मोजण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते.

मोटारी आल्यावर या प्रश्नाकडे देशपातळीवर पाहिले गेले, आणि त्या कामाचे नेतृत्व एका मराठी कायदेपंडिताकडे आले ही गोष्ट मराठी वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रस्तेविकास समितीने पुढील वर्षी अहवाल दिला. रस्तेबांधणीचा खर्च स्थानिक संस्थांच्या ताकदीपलीकडे गेला असून त्याचा काही भाग मध्यवर्ती सरकारने उचलावा, असे प्रतिपादन करून समितीने पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर सुचवला. त्यातून १९२९ मध्ये मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला, आणि १९३४ मध्ये रस्तेबांधणीतील अभियंत्यांची संस्था म्हणून भारतीय रस्ते काँग्रेस स्थापन झाली. याच सुमारास हवेच्या रबरी टायरांची बैलगाडी आली. उत्पादक कंपनीच्या नावावरून तिला ‘डनलॉप गाडी’ म्हणू लागले. तिने धावेचा प्रश्न सोडवला, पण त्याच बैलांना पूर्वीपेक्षा जड ओझे ओढता येऊ लागले, म्हणून ओझे वाढले. सुधारणेमागोमाग भार वाढण्याचा हा क्रम पुढेही अनेकदा दिसतो.

मालवाहू मोटारीसंबंधीचा पहिला व्यापक कायदा १९३९ चा. पण त्याचा उगम रस्त्याच्या काळजीत जितका होता तितकाच रेल्वेच्या काळजीत होता. लॉऱ्या रेल्वेचा माल पळवतात ही तक्रार तपासण्यासाठी नेमलेल्या मिचेल आणि कर्कनेस या दोन अधिकाऱ्यांचा अहवाल १९३३ मध्ये आला, आणि त्यानंतर झालेल्या विचारविनिमयातून परवानापद्धती निर्माण झाली. कोणत्या मार्गावर किती मालमोटारी चालाव्यात हे ठरवण्याचा अधिकार प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाला मिळाला. भरलेल्या गाडीचे नोंदणीकृत वजन आणि प्रत्येक आसावरील वजन यांच्या मर्यादाही या कायद्यात होत्या, पण त्याचा कणा परवाना हाच होता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा प्रदेश मुंबईच्या मोटारनियमांच्या कक्षेत आला. येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. कोल्हापूरपर्यंत आलेला लोहमार्ग कोल्हापुरातच संपतो, आणि तेथून पश्चिमेला कोकणाकडे किंवा कळंब्यावरून दक्षिणेला गारगोटीकडे आजतागायत रेल्वे गेलेली नाही. रेल्वेच्या रक्षणासाठी घडवलेली चौकट अशा टापूत लागू झाली जेथे रक्षण करण्याजोगी रेल्वेच नव्हती, आणि जेथे सारा माल रस्त्यानेच जाणे भाग होते.

रस्त्यांना दर्जा देण्याचे काम १९४३ च्या नागपूर योजनेने केले. प्रांतोप्रांतींच्या मुख्य अभियंत्यांनी नागपूर येथे जमून राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हामार्ग आणि ग्रामरस्ते अशी उतरंड ठरवली. ही उतरंड पैशाची, रुंदीची आणि मजबुतीचीही होती, परंतु गाडीत भरलेल्या मालाला रस्त्याचा दर्जा कळत नाही. महामार्गावर ज्या वजनाची मुभा आहे तेच वजन घेऊन गाडी शेवटचे वीस-तीस किलोमीटर जिल्हामार्गाने जाते, आणि प्रादेशिक रस्त्याचे सारे दुखणे या शेवटच्या टप्प्यात आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात हा टप्पा उसाचा आहे. त्याची मुळे पाण्यात आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शाहू महाराजांनी भोगावती नदीवर राधानगरीचे धरण हाती घेतले, ते स्वातंत्र्यानंतर पूर्ण झाले, आणि नदीपात्रात ठरावीक अंतरावर बांधलेल्या ‘कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांनी’ धरणातून सोडलेले पाणी काठच्या शेतांपर्यंत पोहोचवले. दगडी खांबांच्या खाचांत फळ्या बसवून पावसाळा संपल्यावर पाणी अडवायचे आणि पावसाळ्यापूर्वी त्या काढून घ्यायच्या, अशी या बंधाऱ्यांची रचना असते. पाण्यामागून ऊस आला, आणि १९३० च्या दशकात कसबा बावड्यात सुरू झालेल्या साखर कारखान्यानंतर स्वातंत्र्योत्तर काळात सहकारी कारखान्यांची रांग उभी राहिली. गारगोटी मार्गाच्या टापूतील बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा कारखाना आणि परित्याचा भोगावती कारखाना त्यांपैकीच होत. ऊस तोडल्यानंतर त्यातील साखरेचा उतारा तासागणिक घटतो, त्यामुळे तो साठवून सवडीने हलवता येत नाही. चार-पाच महिन्यांच्या गळीत हंगामात लक्षावधी टन माल शेतातून गव्हाणीपर्यंत, म्हणजे कारखान्यात ऊस टाकण्याच्या जागेपर्यंत, न थांबता गेला पाहिजे. वाहतुकीच्या नियमांवर येणारा ताण या निकडीतून येतो. तो केवळ वाहनचालकाच्या बेफिकिरीला चिकटवणे अन्यायाचे आहे, कारण त्याची मजुरी खेपेच्या आणि टनाच्या हिशेबाने ठरते.

या वाहतुकीत बैलगाडी आणि ट्रक यांच्या जोडीला ट्रॅक्टरमागे एकापाठोपाठ एक जोडलेल्या दोन ट्रॉल्यांची गाडी रूढ झाली. तिची कायदेशीर घडण मोठी विलक्षण आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘कृषी ट्रॅक्टर’ म्हणजे शेतीची अवजारे आणि शेतमालाची ट्रॉली ओढण्यासाठी बनवलेले वाहन अशी व्याख्या आहे, आणि तेथेच ते परिवहनेतर वाहन, म्हणजे भाड्याच्या वाहतुकीच्या वर्गात न मोडणारे वाहन, असल्याचे म्हटले आहे. त्याच नियमावलीत लांबीचीही मर्यादा घालण्यात आली : एकसंध सांगाड्याच्या ट्रकला १२ मीटर, तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या जोडगाडीला १८ मीटर. शेताच्या बांधावर फिरण्यासाठी कल्पिलेले यंत्र अशा रीतीने रस्त्यावरील सर्वांत लांब वाहनांच्या पंक्तीत जाऊन बसले. ही जोडगाडी चढावर पाहिली की नियमाला नेमके काय दिसत नाही ते समजते. मागील ओढीमुळे ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू सैल पडते, बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसल्याने उतारावर सारे वजन एकट्या ट्रॅक्टरवर रेटते, उसाची टोके फळीच्या बाहेर हातभर आलेली असतात, आणि मागचा दिवा त्या टोकांआड झाकला जातो. रात्री मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला दिसते ते फक्त ट्रॉलीच्या फळीवर चिकटवलेल्या परावर्तक पट्टीचे लाल तुकडे, तेही पट्टी चिखलाने माखली नसेल तर. हंगामाच्या आरंभी अशा पट्ट्या आणि परावर्तक कापड लावण्याच्या मोहिमा परिवहन खाते आणि कारखाने घेतात. नियमांच्या दीर्घ इतिहासात माणसाचा जीव डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या थोड्या उपायांपैकी हा एक आहे, आणि म्हणूनच त्याची हेळसांड होऊ नये.

आसावरील वजनाचे गणित वेगळे आहे. १९५८ नंतर अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून केलेल्या प्रयोगांतून असे आढळले, की रस्त्याची झीज आसावरील वजनाच्या साधारणपणे चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. वजन दुप्पट झाले तर झीज सोळापट होते. भारतात चार टायरांच्या एका आसाला १०.२ टनांची मर्यादा होती, ती जुलै २०१८ मध्ये ११.५ टन करण्यात आली. वजनातील ही वाढ सुमारे १३ टक्क्यांची, परंतु चौथ्या घाताने हिशेब केला तर झीज ६० टक्क्यांहून अधिक वाढते. महामार्गाच्या जाड थरांना ही वाढ सोसवेल. काळ्या मातीवर बांधलेल्या जिल्हामार्गाला ती सोसवत नाही. जादा भाराला दंड आकारून मुभा देण्याच्या राज्यांच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००५ मध्ये बोट ठेवले आणि जादा माल तेथेच उतरवून घेतल्याशिवाय गाडी पुढे सोडू नये या मोटार वाहन कायद्यातील तरतुदीची आठवण करून दिली. त्या कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने दंड २० हजार रुपये आणि शिवाय जादा भाराच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये असा झाला. पण महामार्गावरील गाडीला काटा वाटेत भेटतो, तर शेतातून कारखान्याकडे निघालेल्या गाडीला पहिला काटा कारखान्याच्या दारातच भेटतो, आणि तोपर्यंत रस्ता मागे पडलेला असतो.

पथकराचा जुना विचारही कळंब्याला पुन्हा एकदा भेटून गेला. शहरातील सुमारे ४९ किलोमीटर रस्त्यांच्या खर्चापोटी ३० वर्षे टोल घेण्याच्या कराराप्रमाणे २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, तेव्हा शहराच्या प्रवेशमार्गांवरील नाक्यांत कळंब्याचाही नाका होता. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारख्या नेत्यांनी पुढे नेलेल्या जनआंदोलनामुळे २०१५ अखेर तो टोल रद्द झाला.

पुलांच्या बाबतीत मात्र अभियंत्यांनी लांब गाडीचा विचार फार आधी केला होता. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकातील ‘अ’ वर्गाचा भार म्हणजे पुढे एक ओढणारे वाहन आणि मागे दोन ट्रेलर, मिळून आठ आस आणि ५५.४ टन वजन. पहिल्या आसापासून शेवटच्या आसापर्यंत १८.८ मीटर. कागदावरची ही आकृती दोन ट्रॉल्यांच्या उसाच्या गाडीशी विलक्षण जुळते. ज्या पुलांची रचना या भाराला धरून झाली ते जोडगाडीला पेलतात. परंतु नदीपलीकडच्या शेतातून रस्त्यावर यायला कित्येक ठिकाणी जवळची वाट बंधाऱ्यावरूनच जाते, आणि बंधारा मुळात पाणी अडवण्यासाठी बांधलेला, वर जेमतेम एका गाडीपुरता अरुंद, दोन्ही बाजूंना कठडा नसलेला असतो. त्याच्यावरून अवजड वाहने नेऊ नयेत असा फलक तोंडाशी उभा असतो, आणि पलीकडच्या काठावर फडात मोळ्या बांधून तयार असतात.